सरदारापुढे उभा राहिलेला माणूस

(द्वारका, नाशिक येथील स्मृतिव्याख्यानाचा मुद्रित पाठ)



ज्यांच्या स्मरणार्थ आपण दरवर्षी इथे द्वारकेला जमतो, ते आयुष्यभर सिनेमागृहात ऑपरेटर होते. प्रोजेक्टरशेजारच्या झरोक्यातून त्यांनी एकेक चित्रपट कितीतरी वेळा पाहिला. व्याख्यानाचं निमंत्रण आलं तेव्हा त्यांच्या घरच्यांनी एक गोष्ट सुचवली. नायकांवर बोलणारे पुष्कळ आहेत, तुम्ही दुसऱ्या कुणावर तरी बोला. मला ही सूचना फार मोलाची वाटली. म्हणून आज मी विजू खोटे यांच्यावर बोलणार आहे, आणि त्यांच्या निमित्ताने घोडे, बंदुका आणि धुळीच्या चित्रपटांतल्या, म्हणजे वेस्टर्नमधल्या चरित्र अभिनेत्यांवर. पोस्टरवर ज्यांचा चेहरा नसतो आणि ज्यांच्याशिवाय पोस्टरवरचा चेहरा मोठा होत नाही, ती ही मंडळी.

वेस्टर्न म्हटलं की अमेरिकेतलं ॲरिझोना, टेक्सास आठवतं. पण या सभागृहातून बाहेर पडलं की द्वारका चौक आहे. पुण्याचा रस्ता इथे आग्रा रोडला मिळतो. इथून आग्र्याकडे निघालेला ट्रक मालेगाव, धुळे, इंदूर, गुना, शिवपुरी, ग्वाल्हेर, मुरैना करत धौलपूरच्या अलीकडे चंबळ नदी ओलांडतो. हिंदी सिनेमाला आपला वेस्टर्न ज्या बीहडांत, म्हणजे चंबळकाठच्या दऱ्याखोऱ्यांत, सापडला, ते बीहड आपल्या याच रस्त्यावर आहेत. इथल्या ट्रकवाल्यांच्या जुन्या पिढीला डाकू ही पडद्यावरची कल्पना वाटत नव्हती. शिवपुरीच्या पुढे रात्री गाडी काढायची की ढाब्यावर थांबायचं, हा त्यांच्या धंद्यातला रोजचा हिशेब होता.

१९५७चा ‘मदर इंडिया’, १९६०चा ‘जिस देश में गंगा बहती है’, १९६१चा ‘गंगा जमना’, १९६३चा ‘मुझे जीने दो’ हे आपले सुरुवातीचे मोठे डाकूपट. त्यांतला डाकू मुळात शेतकरी असतो. सावकार, जमीनदार किंवा पोलीस त्याला रानात ढकलतात आणि शेवटी आई, बायको किंवा कायदा त्याला परत बोलावतात. १९७१मध्ये राज खोसलांचा ‘मेरा गाँव मेरा देश’ आला आणि हवा बदलली. इटलीत सर्जिओ लिओने यांनी वेस्टर्नची जी नवी घडण केली होती, ती एव्हाना मुंबईच्या लेखकांनी पाहिली होती. आता डाकूला दुःखाचं कारण द्यायची गरज उरली नव्हती. त्याला नुसतं भयंकर असणं पुरे होतं. दुसरीकडे एप्रिल १९७२मध्ये मुरैना जिल्ह्यात जयप्रकाश नारायण यांच्यासमोर माधोसिंग, मोहरसिंग अशा नामांकित डाकूंनी शस्त्रं ठेवली. खरे डाकू बीहडातून बाहेर येत होते, त्याच सुमारास पडद्यावरचा सर्वांत मोठा डाकू कागदावर उतरत होता. सलीम-जावेद यांनी त्याला दिलेलं गब्बरसिंग हे नावसुद्धा १९५०च्या दशकात चंबळच्या परिसरात दहशत बसवलेल्या एका खऱ्या डाकूचं होतं.

‘शोले’ १५ ऑगस्ट १९७५ला प्रदर्शित झाला. दिग्दर्शक रमेश सिप्पी, छायालेखक द्वारका दिवेचा. चित्रीकरण चंबळपासून फार दूर, बंगळुरूजवळच्या रामनगरच्या खडकाळ टेकड्यांत झालं. रेल्वेची मारामारी आपल्या पनवेलच्या परिसरात चित्रित झाली. रामगढ हे गाव रानात नव्याने उभं करणारे कलादिग्दर्शक राम येडेकर मराठी. संकलक माधव शिंदेही मराठी, आणि या चित्रपटाला प्रदर्शनानंतर मिळालेला एकमेव फिल्मफेअर पुरस्कार त्यांच्या संकलनाचा आहे. इमामसाहेबांचा कोवळा मुलगा अहमद म्हणजे आपले सचिन. आणि कालिया म्हणजे विजू खोटे.

आता त्या प्रसंगाकडे येतो. तुम्ही तो अनेकदा पाहिला आहे, तरीही आज माझ्याबरोबर पुन्हा पाहावा अशी विनंती आहे, आणि या वेळी गब्बरकडे पाहू नका.

कालिया पहिल्यांदा दिसतो तो रामगढमध्ये. आणखी दोन साथीदारांना घेऊन तो घोड्यावरून धान्य वसूल करायला येतो. गावकरी पोती आणून टाकतात. कालिया खाली न उतरता, खोगिरावरूनच आलेला माल तोलतो. त्याच्या बोलण्यात एक आळसावलेली सत्ता आहे. याला ओरडावं लागत नाही, कारण त्याच्यामागे कोण आहे हे गावाला ठाऊक आहे. शब्दांवर जोर नाही, मान किंचित तिरकी, नजर समोरच्या माणसावर न ठेवता पोत्यावर. मोजक्या मिनिटांत खोटे यांनी एक पूर्ण माणूस उभा केला आहे. उसन्या अधिकारावर जगणारा हा माणूस आपण सगळे ओळखतो. मग गावचा ठाकूर पुढे येतो, वर उभे असलेले दोन नायक, जय आणि वीरू, दिसतात, आणि तिघांना रिकाम्या हाताने परत जावं लागतं.

पुढच्या प्रसंगात तेच तिघे सरदाराच्या समोर उभे आहेत. चित्रपट सुरू होऊन बराच वेळ झाला आहे, पण गब्बर आपल्याला अजून दिसलेला नाही. दिसतात ते खडकावर फिरणारे बूट आणि दगडावरून घासत जाणारा काडतुसांचा पट्टा. गब्बरचा चेहरा पाहण्याआधी आपण कालियाचा चेहरा पाहतो. या चित्रपटाच्या रचनेतली ही सर्वांत शहाणी गोष्ट आहे असं माझं मत आहे. लेखकाने गब्बरसाठी कितीही वाक्यं लिहिली असती आणि गब्बर झालेले अमजद खान कितीही समर्थपणे बोलले असते, तरी समोर उभा असलेला माणूस घाबरलाच नसता तर ती सगळी वाक्यं हवेत विरली असती. भीती खलनायकाकडे नसते, ती समोरच्याच्या घशात असते. तो घसा कोरडा पडलेला दाखवायचं काम विजू खोटे यांच्याकडे होतं.

ते काम ते कसं करतात पाहा. गावात खोगिरावर सैल बसलेलं तेच शरीर आता ताठ आहे. हात अंगाला चिकटलेले. किती माणसं होती या प्रश्नाचं उत्तर ते देतात तेव्हा आवाज खालच्या पट्टीत आहे, कारण उत्तर काय आहे आणि त्याचा अर्थ काय होणार, हे दोन्ही कालियाला कळलेलं आहे. दोघं होते असं सांगताना आपण तिघं होतो हे त्याने सांगायची गरज नाही. तो हिशेब गब्बर करणार आहे. ज्याला आपल्या गुन्ह्याचं गणित समोरच्याच्या तोंडून ऐकायचं आहे, अशा माणसाचं ते उभं राहणं आहे. मग रिव्हॉल्वर येतं. सहा गोळ्या, तीन माणसं. गब्बर तीन गोळ्या आकाशात उडवतो, चक्र फिरवतो आणि एकेकाच्या डोक्याला नळी लावतो. पहिला वाचतो, दुसरा वाचतो. कालियाची पाळी शेवटी येते. म्हणजे आधीच्या दोघांसाठी एकेकदा आणि स्वतःसाठी एकदा, असं तीन वेळा त्याला मरायचं आहे. कॅमेरा जवळ येतो तेव्हा कपाळावरचा घाम खोटे पुसत नाहीत. पुसला असता तर ते नटाने केलेलं काम दिसलं असतं.

आणि मग ते वाक्य. सरदाराचं मीठ खाल्ल्याची आठवण करून देणारं. पुढे त्याच्यावर हजारो विनोद झाले, लग्नाच्या मांडवात, वर्गात, कचेरीत ते उच्चारलं गेलं. पण मूळ प्रसंगात ते ऐका. त्यात विनंती आहे, निष्ठेची साक्ष आहे, आणि या साक्षीला इथे किंमत नाही हेही कळून चुकलेलं आहे. तिन्ही गोष्टी एकाच श्वासात. रंगभूमीवर वर्षानुवर्षं घासलेला आवाज असल्याशिवाय हे जमत नाही. त्यानंतर गोळी सुटत नाही, तिघेही वाचतात, गब्बर हसायला लागतो आणि टोळीतले सगळे हसायला लागतात. कालियाही हसतो. माझ्या दृष्टीने खोटे यांच्या आयुष्यातला सर्वोत्तम अभिनय त्या हसण्यात आहे. सुटलो म्हणून तो हसतो, सरदार हसतोय म्हणून हसतो, आणि हसणं थांबवायची हिंमत नाही म्हणूनही हसतो. पुढच्या क्षणी तिघे जमिनीवर पडलेले असतात.

आमचे ऑपरेटरसाहेब सांगत की या रिळाला थिएटर दोनदा गप्प होतं. एकदा नळी डोक्याला लागते तेव्हा, आणि दुसऱ्यांदा सगळे हसत असताना. पहिली शांतता कुणालाही समजेल. दुसरी शांतता कालियाच्या चेहऱ्याने कमावलेली आहे.

पुढे याच चित्रपटात गब्बर अहमदला मारतो. तो प्रसंग चित्रित झाला होता, पण प्रदर्शित प्रतीत ठेवला नाही. आपल्याला दिसते ती गब्बरच्या हातावरची मुंगी, आणि नंतर घोड्यावरून गावात आलेलं प्रेत. ठाकूरच्या कुटुंबाची हत्या पूर्वकथेत येते. म्हणजे वर्तमानात, आपल्या डोळ्यांसमोर, गब्बर काय आहे हे सिद्ध करण्याचं ओझं प्रामुख्याने कालियाच्या प्रसंगावर आहे. तिथे कसर राहिली असती तर पुढच्या दोन तासांत गब्बर वाढला नसता.

सर्जिओ लिओने यांच्या १९६८च्या ‘वन्स अपॉन अ टाइम इन द वेस्ट’ची सुरुवात आठवा. ‘शोले’वर त्या चित्रपटाचं ऋण आहे हे सर्वमान्य आहे, विशेषतः ठाकूरच्या घरातल्या हत्याकांडावर. तिथेही सुरुवातीला तिघेच आहेत. वाळवंटातल्या रेल्वे स्थानकावर तीन बंदूकधारी गाडीची वाट पाहत बसले आहेत. वूडी स्ट्रोड यांच्या टोपीवर वरून पाण्याचे थेंब पडत राहतात. जॅक एलम यांच्या दाढीवर माशी बसते आणि ते तिला पिस्तुलाच्या नळीत पकडून तिचं गुणगुणणं ऐकत राहतात. गाडी येते, नायक उतरतो, आणि काही क्षणांत तिघेही मेलेले असतात. त्या तिघांवर लिओने यांनी इतकी मिनिटं खर्च केली, कारण नायक कुणाला मारतो यावर नायक किती मोठा हे ठरतं.

या जॅक एलम यांच्याबद्दल थोडं सांगायला हवं. लहानपणी झालेल्या इजेमुळे त्यांच्या डाव्या डोळ्याची दृष्टी गेली आणि तो डोळा आपल्याच दिशेने पाहत राही. चित्रपटात येण्याआधी ते हिशेबनीस होते. १९५२च्या ‘हाय नून’मध्ये ते तुरुंगातल्या दारुड्याच्या इवल्याशा भूमिकेत आहेत. त्याच चित्रपटात स्थानकावर वाट पाहणाऱ्या तिघांपैकी एक म्हणजे ली व्हॅन क्लीफ, त्यांचा तो पहिला चित्रपट, आणि त्यात त्यांना एकही वाक्य नाही. तिसरं नाव वॉल्टर ब्रेनन यांचं. सहायक अभिनेत्याचं ऑस्कर त्यांनी तीनदा मिळवलं, तिसऱ्यांदा १९४०च्या ‘द वेस्टर्नर’साठी. अपघातात दात गेल्यामुळे ते ऐन उमेदीत म्हातारे दिसू शकत, आणि त्या एका गोष्टीवर त्यांनी म्हाताऱ्यांच्या भूमिकांची अख्खी रांग उभी केली. हॉलिवूडने या माणसांना सांभाळलं असं मी म्हणत नाही. पण वेस्टर्न वर्षाला डझनांनी निघत होते, त्यामुळे एक वाकडा डोळा, एक बोळकं, एक घोगरा आवाज यांना आयुष्यभर काम मिळालं. आपल्याकडे ती सोय नव्हती. आपला चरित्र अभिनेता आज डाकू, उद्या हवालदार, परवा नायिकेचा मामा, आणि संध्याकाळी नाटक असा जगला.

विजू खोटे अगदी तसे जगले. त्यांचा जन्म १७ डिसेंबर १९४१चा. घर नटांचं. वडील नंदू खोटे मूकपटांच्या काळापासूनचे नट आणि रंगकर्मी. दुर्गाबाई खोटे या त्यांच्या नात्यातल्या. १९३२च्या ‘अयोध्येचा राजा’मध्ये तारामती झालेल्या, आणि प्रतिष्ठित घरातल्या स्त्रीने पडद्यावर यावं की नाही हा वाद आपल्या कामाने निकालात काढणाऱ्या दुर्गाबाई. थोरली बहीण शुभा खोटे. पोहण्यात आणि सायकल शर्यतीत नाव कमावलेली ही मुलगी १९५५च्या ‘सीमा’मधून पडद्यावर आली आणि पुढे मेहमूद यांच्याबरोबरची तिची जोडी विनोदाची हमी मानली गेली. अशा घरातल्या मुलाला नाटकाची तालीम म्हणजे काय हे शिकवावं लागत नाही. पण अशा घराचा त्रासही असतो. आपल्या आडनावाचे इतके लोक आधीच उजेडात असतात की आपल्याला स्वतःची जागा शोधावी लागते. विजू खोटे यांनी ती बाजूला, थोडी मागे, नायकाच्या खांद्यापलीकडे शोधली. १९६४पासून ते चित्रपटांत दिसू लागले आणि जवळजवळ पंचावन्न वर्षं दिसत राहिले. हिंदी आणि मराठी मिळून त्यांच्या चित्रपटांची संख्या तीनशेच्या वर सांगितली जाते.

‘शोले’ आला तेव्हा ते तेहतीस वर्षांचे होते. या भूमिकेचे अडीच हजार रुपये मिळाले असं ते मुलाखतींत सांगत, आणि तक्रारीच्या सुरात सांगत नसत. घोड्यावरून आपण कसे पुन्हा पुन्हा पडलो तेही सांगत. पडद्यावर खोगिरात सैल बसलेला तो कालिया पाहताना ही गोष्ट लक्षात ठेवली पाहिजे. ती ऐट अंग ठेचून कमावलेली आहे.

पैशांची गोष्ट इथेच संपत नाही. ‘शोले’च्या संवादांच्या ध्वनिमुद्रिका निघाल्या आणि त्या गाण्यांच्या तोडीने, किंबहुना अधिक, वाजल्या. गावोगावच्या कर्ण्यांवरून, गणपतीच्या मांडवांतून, हॉटेलांतून तो प्रसंग नुसता ऐकला गेला. चित्र नसताना केवळ आवाजावर भीती उभी राहिली. सांभा झालेले मॅकमोहन यांच्या वाट्याला तर जेमतेम एक वाक्य होतं, तेही देशाला पाठ झालं. त्या आवाजांचा वापर नंतर जाहिरातींत, नकलांत, मोबाइलच्या रिंगटोनमध्ये होत राहिला. नटाला एकदा ठरलेली रक्कम मिळाली की त्याचा चेहरा आणि आवाज हा कुणाचाही माल होतो, हा आपल्या धंद्याचा रिवाज होता. मला तो अन्यायाचा वाटतो आणि हे या व्यासपीठावरून स्पष्ट म्हणायला हवं. मागे उभ्या असलेल्या नटाचं काम जर पन्नास वर्षं विकलं जातं, तर पन्नास वर्षांच्या विक्रीत त्याचा काही वाटा असायला हवा.

‘शोले’नंतर खोटे यांच्यापुढे वेस्टर्नची रांग उभी राहिली नाही. त्यांच्याकडे आल्या त्या छोट्या विनोदी भूमिका. इथे पुष्कळ जण हळहळतात, की इतका ताकदीचा नट विनोदात वाया गेला. मला हे पटत नाही. ४ नोव्हेंबर १९९४ला राजकुमार संतोषी यांचा ‘अंदाज अपना अपना’ आला. त्यात खोटे रॉबर्ट झाले. तेजा नावाच्या खलनायकाचे दोन साथीदार, रॉबर्ट आणि भल्ला. रॉबर्ट प्रत्येक कामात चूक करतो आणि चूक झाल्याची कबुली ज्या धेडगुजरी वाक्यात देतो, ते वाक्य आज तरुणांच्या तोंडी कालियाच्या वाक्याइतकंच आहे. दोन्ही भूमिका शेजारी ठेवून पाहा. कालिया आणि रॉबर्ट एकाच जागी उभे आहेत. दोघेही काम बिघडवून मालकासमोर आले आहेत. दोघांनाही त्याचा अहवाल द्यायचा आहे. एका चित्रपटात त्या अहवालाची शिक्षा मरण आहे, दुसऱ्यात हशा. नटाने बदललं आहे फार थोडं. कालियाचे डोळे सरदारावर खिळलेले, रॉबर्टचे डोळे मालकाला चुकवत फिरणारे. कालियाचा आवाज खाली जातो, रॉबर्टचा किंचित वर चढतो. जवळजवळ वीस वर्षांच्या अंतराने एकाच माणसाने एकाच प्रसंगाची दोन टोकं दाखवली.

आणि इथेच मला त्यांच्या लोकप्रियतेचं कारण सापडतं. वेस्टर्न पाहताना आपण नायकाच्या बाजूने असतो असं सगळी पुस्तकं सांगतात. पण खरं सांगा, आपल्यापैकी किती जण जय किंवा वीरू आहेत? गब्बर तर कुणीच नाही. या सभागृहात सातपूर-अंबडच्या कारखान्यांत नोकरी केलेले लोक बसले आहेत, मार्केट यार्डात हिशेब लिहिणारे आहेत, शिक्षक आहेत, कंडक्टर आहेत. टार्गेट पूर्ण झालं नाही, माल वेळेत गेला नाही, पोतं कमी भरलं, आणि ते वर जाऊन सांगायचं आहे, या जागी आपण सगळे उभे राहिलो आहोत. ‘किती जण होते’ या प्रश्नाचं खरं उत्तर आपल्यालाही द्यावं लागलं आहे. इतकी वर्षं इमाने काम केलं, असं मनातल्या मनात आपणही म्हटलं आहे. त्या भव्य पडद्यावर, त्या खडकांत आणि धुळीत, आपली जागा राखून ठेवलेली होती ती कालियाची. म्हणून ते वाक्य आपण हसत हसत म्हणतो. म्हणताना आपण गब्बरची नक्कल करत नसतो, हे लक्षात घ्या. आपण कालिया होत असतो.

मराठी पडद्यावर त्यांना मानाने वागवलं गेलं. सचिन यांनी १९८८मध्ये ‘अशी ही बनवाबनवी’ केला, त्यात खोटे आहेत. रामगढचा अहमद आता दिग्दर्शकाच्या खुर्चीत होता आणि कालिया त्याच्यासमोर विनोदी ढंगात. दूरदर्शनवर १९९३मध्ये ‘जबान संभालके’ ही मालिका सुरू झाली. हिंदी शिकायला जमलेल्या वेगवेगळ्या प्रांतांच्या विद्यार्थ्यांत खोटे मराठी विद्यार्थी होते. मराठी माणसाचं हिंदी हा हिंदी मालिकांत चेष्टेचा विषय असतो. खोटे यांनी त्या पात्राला चेष्टेचं केलं नाही. त्याच्या चुकांमागे एक आत्मविश्वास ठेवला, की मी बोलतोय ते बरोबरच आहे, तुम्हीच समजून घ्या. त्यामुळे हसू येई आणि माणूस लहान होत नसे. पुढे ‘गोलमाल ३’सारख्या चित्रपटांतही ते दिसले. नव्या दिग्दर्शकांना कालिया हवा असायचा, आणि ते तो मागितला तर देत, पण कामात वेगळं काही करून परत जात. ३० सप्टेंबर २०१९ला मुंबईत, राहत्या घरी, ७७व्या वर्षी ते गेले. त्या दिवशीच्या बहुतेक सगळ्या बातम्यांच्या मथळ्यात कालिया होता.

चरित्र अभिनेत्यांच्या या परंपरेला आपल्या नाशिकचा आधार आहे, हे आवर्जून सांगतो. त्र्यंबकेश्वरला जन्मलेल्या दादासाहेब फाळके यांनी १९१३मध्ये ‘राजा हरिश्चंद्र’ केला तेव्हा तारामतीसाठी स्त्री मिळाली नाही. मुंबईच्या एका उपाहारगृहात काम करणारे अण्णा साळुंके तारामती झाले. पुढे दादासाहेबांनी आपला कारखाना नाशिकला हलवला आणि १९१७च्या ‘लंका दहन’मध्ये साळुंके यांनी राम आणि सीता दोन्ही भूमिका केल्या. त्यानंतर ते कॅमेऱ्यामागे गेले. दादासाहेबांचं स्मारक आपण पांडवलेण्याच्या पायथ्याशी केलं. साळुंक्यांचं नाव मात्र सिनेमाच्या प्रश्नमंजूषेपलीकडे फारसं कुठे दिसत नाही. नाशिकने ते कुठेतरी कोरायला हवं. एखाद्या रंगमंचाच्या कलाकार कक्षालाही चालेल.

आणि याच आग्रा रोडवर, इथून सुमारे शंभर किलोमीटरवर, मालेगाव आहे. व्हिडिओ पार्लर चालवणाऱ्या नासिर शेख यांनी तिथे २०००मध्ये ‘मालेगाव के शोले’ केला. साधा व्हिडिओ कॅमेरा, तुटपुंजे पैसे, आणि नट म्हणून यंत्रमागावर काम करणारे, दुकानांत बसणारे गावातलेच लोक. गब्बरचा रबरसिंग झाला, बसंतीची बासमती झाली. घोडे परवडण्यासारखे नव्हते, म्हणून डाकू सायकलवरून आले. लोक याकडे गंमत म्हणून पाहतात. मी त्याकडे अभिनयाचा वारसा म्हणून पाहतो. ज्यांचा आठवडा मागाच्या खडखडाटात जातो आणि ज्यांचं उत्पन्न मालकाच्या मीटरवर ठरतं, ती माणसं सरदारासमोर उभी राहतात, तेव्हा त्यांना भीती शिकावी लागत नाही. पुढे फैजा अहमद खान यांनी मालेगावच्या या मंडळींवर ‘सुपरमेन ऑफ मालेगाव’ हा माहितीपट केला आणि २०२४मध्ये रीमा कागती यांनी ‘सुपरबॉयज ऑफ मालेगाव’ हा मोठ्या पडद्याचा चित्रपट. दोन्हींत कथा स्वाभाविकपणे दिग्दर्शकाची आणि लेखकाची आहे.

२०२५मध्ये ‘शोले’ची डागडुजी केलेली, मूळ शेवट असलेली प्रत पुन्हा प्रदर्शित झाली. फ्रेम न् फ्रेम स्वच्छ करून, ध्वनी सोडवून, जुन्या निगेटिव्हचा शोध घेऊन हे काम झालं. चित्रपटाची अशी काळजी घेतली जाते याचा मला आनंद आहे. नटाच्या कामाची नोंद मात्र फिल्मच्या डब्यात नसते. ती माणसापाशी असते आणि माणसाबरोबर जाते. विजू खोटे यांना मुलाखतींत बहुतेक वेळा ते एक वाक्य म्हणून दाखवायला सांगितलं गेलं. त्या हसण्याची तालीम कशी केली, तीन वेळा डोक्याला नळी लागण्याचा प्रसंग किती तुकड्यांत चित्रित झाला, खोगिरावर बसायला कुणी शिकवलं, असं विचारणारे थोडे.

म्हणून संयोजकांपुढे एक सूचना ठेवतो. इगतपुरीच्या घाटात, भंडारदऱ्याला, त्र्यंबकच्या परिसरात बाहेरच्या कंपन्यांनी केलेल्या चित्रीकरणांत गर्दीत, घोड्यावर, हवालदाराच्या वेशात उभे राहिलेले लोक या जिल्ह्यात आहेत. मालेगावच्या त्या सायकलवरच्या डाकूंपैकीही अनेक जण आहेत. पुढच्या व्याख्यानापर्यंत त्यांच्यापैकी निदान काहींशी बोलून ते ध्वनिमुद्रित करून ठेवावं. विचारायचं एवढंच: कोणता चित्रपट, कुठे काम झालं, रोज किती मिळाला, कपडे कुणाचे होते, वाक्य असेल तर ते कुणी शिकवलं, आणि सरदारासमोर उभं राहताना मनात कोण होतं.